पाळण्यात न बसणाऱ्यांच्या वतीने

महाराष्ट्रातल्या मनोरंजन उद्यानांच्या चालक-मालकांस,


पत्राचं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. तुमच्याकडे जे येतात पण एकाही खेळात बसत नाहीत, त्यांच्याकडूनही तुम्ही खेळांचे पैसे घेता. ते घेऊ नका. त्यांच्यासाठी नुसतं आत येण्याचं, स्वस्त तिकीट काढा. मागणं एवढंच. बाकीचं पत्र म्हणजे त्यामागचा हिशोब.

आमचं गाव दोंडाईचा, धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर. मिरचीच्या बाजारासाठी लोक ओळखतात. आमची गिरणी आहे. दळण बारा महिने चालतं, पण खरा धंदा मिरची कांडपाचा, आणि तो होळीपासून मिरग लागेपर्यंत. वर्षाचं तिखट, मसाला, हळद, सगळं त्याच दिवसांत. घरोघरी गच्चीवर पापड, कुरडया, बिबडे वाळत असतात आणि आमच्या ओट्यावर डब्यांची रांग लागलेली असते. पोरांना सुटी लागते तेव्हा आई-बापाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घेतलाच तर शिंक येते. त्यामुळे आमची सहल निघते ती दिवाळीच्या सुटीत, म्हणजे नेमकी तुमचे दर चढलेले असतात तेव्हा. त्याबद्दल तक्रार नाही. गर्दीत भाव चढतो हे मिरचीच्या बाजारगावात राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे सहलीचे दोन प्रकार. लहान सहल म्हणजे सिनेमा, मोठी सहल म्हणजे तुम्ही.

सिनेमाला आम्ही धुळ्याला जातो. मशीनचा पट्टा, जाळी, असं काहीतरी आणायचंच असतं, त्याला जोडून. मुलं सकाळपासून तयार. धाकटीला पॉपकॉर्नच्या वासासाठी जायचं असतं, थोरल्याला पडद्यासाठी, मुलांच्या पप्पांना थंड हवेसाठी. सासूबाई बरोबर येतात कारण घरी एकट्या ठेवणार कशा? पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, पण ‘मी येत नाही’ असं कधी म्हणायच्या नाहीत. दिवे मालवले की दहाव्या मिनिटाला डोळा लागतो. अपवाद एकच, 2023 सालचा ‘बाईपण भारी देवा’. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका गाडी करून गेल्या होत्या, आणि सासूबाई शेवटपर्यंत टक्क जाग्या होत्या. परतताना गाडीत सहा बहिणींपैकी कोणाचं चुकलं यावर नरडाण्यापर्यंत वाद चालला.

झोपल्या तरी सासूबाईंचं सिनेमाचं तिकीट मला कधी खुपलं नाही. त्यांनी एक खुर्ची अडवलेली असते. ती खुर्ची दुसऱ्या कोणाला विकता आली असती. तिचे पैसे घेणं सरळ आहे. आणि एक सांगते, सिनेमावाल्यांना दर कमी केल्यावर काय होतं ते ठाऊक आहे. 23 सप्टेंबर 2022 ला देशभर राष्ट्रीय सिनेमा दिवस म्हणून 75 रुपयांत तिकीट विकलं, तर लोक लोटले. पुढची दोन वर्षं 99 रुपयांत विकलं. सरकारनेही शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आणला. म्हणजे स्वस्त तिकिटावर येणारा माणूस हे वेगळं गिऱ्हाईक आहे, ते मोडीत काढण्यासारखं नाही, हे तिथे तरी मान्य झालेलं दिसतं.

डब्याचंही तसंच. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हा नियम चित्रपटगृहाच्या मालकाला करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 ला सांगितलं. पण त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट दिलं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही, हेही बजावलं. मला हा निकाल पटतो. मालकाची जागा आहे, नियम त्याचा. तरीही कोणाला काय गरजेचं आहे हे बघूनच तो लावायचा. तुमच्याबद्दल मला हेच म्हणायचं आहे.

आता मोठी सहल. उद्यानाचं नाव लिहीत नाही. दोष एकाचा नाही, पद्धतच सगळीकडे तशी आहे.

आम्ही सात जण होतो. सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं, माझी नणंद आणि तिची मुलगी. नणंद तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. आदल्या रात्री मी दशम्या केल्या. ज्वारीच्या, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, तो स्टीलच्या फिरकीच्या डब्यात, डब्याला वरून फडकं बांधून. प्रवास एसटीने. सासूबाईंना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, मला आणि नणंदेला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, मुलांनाही अर्धं. पूर्ण तिकीट भरणारे सात जणांत एकटे मुलांचे पप्पा. ते वाटेत दोनदा म्हणाले, ‘या बसमध्ये मीच काय तो गिऱ्हाईक.’

तुमच्या दारात मात्र सगळेच गिऱ्हाईक झालो.

तिकिटाच्या खिडकीजवळ उंची मोजायची पट्टी असते. एसटी आणि रेल्वे मुलाचं वय विचारतात, तुम्ही उंची बघता. हे मला आवडलं. कागद लागत नाही आणि खोटंही बोलता येत नाही. फक्त गंमत अशी, की त्या पट्टीपाशी आई-बापांना मूल बुटकं हवं असतं, आणि आत गेल्यावर रोलर कोस्टरच्या दारातल्या तशाच पट्टीपाशी तेच मूल टाचा वर करून मान ताणतं. तिथला मुलगा शांतपणे म्हणतो, ‘बूट काढ.’ आमच्या थोरल्याची दोन बोटं कमी पडली. तो रडला नाही, पण त्याने जेवेपर्यंत कोणाशी बोलणं टाकलं. मला राग आला नाही. मांडीवर येणारा तो दांडा ठरावीक मापाच्या शरीराला धरण्यासाठी केलेला असतो, लहान मूल त्याखालून निसटू शकतं. तिथे माया दाखवायची नसते.

पण खिडकीवरची पट्टी वेगळं सांगते. एका उंचीखालच्या बाळाला तुम्ही फुकट सोडता. का? कारण ते कशातच बसू शकत नाही. त्याहून थोडं उंच मूल काही खेळांत बसतं, काहींत नाही, म्हणून त्याला कमी दर. म्हणजे जो जेवढा खेळेल त्याने तेवढं द्यावं, हे तत्त्व तुम्हीच मान्य केलेलं आहे. मग ते म्हातारपणापाशी येऊन का थांबतं? ज्येष्ठांना काही ठिकाणी थोडी सूट असते. पण ती सूट खेळांच्या दरातली. खेळच नको असलेल्या माणसासाठी तुमच्या फळ्यावर ओळच नाही.

सासूबाईंनी खिडकीवरच्या मुलाला विचारलं, ‘नुसता बठाना बी पैसा लागतस का भाऊ?’ त्याला अहिराणी कळली नाही. मी मराठीत सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, ‘काकू, सिस्टिममध्ये तसं ऑप्शन नाहीये.’ तुमच्या तिकिटांवर 2018 च्या जानेवारीपासून 18 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 28 होता. म्हणजे सासूबाईंनी बाकावर बसण्याचा 18 टक्के कर भरला.

डबा तपासणीत अडला. सुरक्षारक्षकाने फडकं सोडून झाकण उघडलं, ठेचा नाकाशी नेला आणि डोळे पुसत परत दिला. दशम्या बाहेरच्या खोलीत ठेवून टोकन घ्यावं लागलं. त्यावर भांडत नाही, वर लिहिलंच आहे. सासूबाईंच्या गोळ्यांआधी खायला दोन दशम्या तेवढ्या त्याने ओंजळीत दिल्या. त्या नियमात बसत होत्या की नाही ते विचारलं नाही.

आता आतलं. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत सासूबाई एका झाडाखालच्या बाकावर होत्या. सात जणांच्या पिशव्या, पाण्याच्या खेळाआधी काढून ठेवलेली पाकिटं, चार मोबाइल, मुलांचे कोरडे कपडे, आणि रांगेने लावलेल्या चपला. त्यांना अधूनमधून त्या मोजायची सवय लागली होती. नणंद त्यांच्या शेजारी. लॉकरचं भाडं आमचं वाचलं, हे कबूल.

दुपारी मी तिथे टेकले तेव्हा बाक भरला होता. समोर कठड्यावरही माणसं. नांदेडच्या एक आजी, त्यांच्या मांडीवर झोपलेलं नातवंड. सुरतेचे एक काका, कमरेला पट्टा. एक बाई हिजाबातल्या, त्यांच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, पायाला सूज. आणखी एक गरोदर मुलगी. या सगळ्यांची ओळख झालेली. सुरतेच्या काकांच्या सुनेचं माहेर अंमळनेर निघालं, त्यामुळे सखाराम महाराजांची यात्रा, तिथली गर्दी, कापसाचा भाव, असं सगळं होऊन गेलं होतं. कोणी चकली काढली होती, कुठून आणली ते विचारू नका.

त्या बाकासमोरच एका पाळण्याची सूचनांची पाटी होती. रांगेतली माणसं ती वाचत नाहीत, बसलेली माणसं वाचतात, दुसरं करायला काही नसतं. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे किंवा मानेचे विकार, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांनी या खेळात बसू नये. मी पाटी वाचली, मग बाकाकडे पाहिलं. पाटीवरची बहुतेक यादी समोर बसली होती. तुम्हीच त्यांना बसू नका म्हणता. योग्यच म्हणता, माझ्या नणंदेला कोणी बसू दिलं असतं तर मी भांडले असते. पण मनाई करायची आणि त्याच गोष्टीचे पूर्ण पैसे घ्यायचे, हे कोणत्या बाजारात चालतं? आमच्या गिरणीत एखादीने ओली मिरची आणली तर मी ती परत करते. परत करून कांडपाचे पैसे मागितले तर गावात तोंड दाखवता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आजीबाईंना आणता कशाला. इथेच शहरातल्या माणसाची आणि आमची मोजणी वेगळी होते. आमच्याकडे सहलीला कोण कोण खेळणार हे आधी कोणी विचारत नाही, कोण कोण येणार हे विचारतात. म्हातारं माणूस मागे ठेवलं तर त्यांच्याजवळ एक बाई मागे राहते. बाई राहिली की तिची लेकरं रुसतात. सातातला एक गळला की तीन गळतात. तुमची तीन तिकिटं गेली, ती एका पूर्ण तिकिटाच्या हट्टापायी. बायकांना अर्धं तिकीट केल्यावर एसटीच्या फलाटावर किती बायका दिसायला लागल्या ते कोणत्याही स्थानकावर जाऊन बघा. ज्यांना घराबाहेर काढायला निमित्त लागतं त्यांच्यासाठी दर हेच निमित्त असतं.

आम्हाला जत्रेची सवय आहे हेही खरं. इथून जवळ सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. अलीकडे त्याला चेतक महोत्सव म्हणतात. पर्यटन खातं 2016 पासून तीन वर्षं आमच्याच मतदारसंघातल्या आमदारांकडे होतं, तेव्हा त्याचं नाव बरंच दूरवर गेलं. यात्रेला दार नसतं. पाळण्यात बसायचं त्याने पाळण्याचे द्यायचे, मौत का कुआँ बघायचा त्याने त्याचे, आणि आजीने नुसती घोडी बघत, भजी खात दिवस काढला तरी तिला कोणी काही विचारत नाही. पण मी जत्रेचे गोडवे गाणार नाही. तिथला आकाशपाळणा सुरू झाला की मी रामनाम घेते. धुळीने मुलं आठवडाभर खोकतात. आणि संडासाबद्दल बायकांना काय सांगावं लागतं! तुमच्याकडे स्वच्छ, पाणी असलेली, कडी लागणारी संडासं आहेत, हे बायांच्या दृष्टीने तुमच्या निम्म्या खेळांपेक्षा मोठं आकर्षण आहे. जाहिरातीत कोणी ते सांगत नाही.

दार आणि खेळ यांचे पैसे वेगळे घ्यावेत ही माझी शक्कल नाही. डिस्नेलँड 1955 साली उघडलं तेव्हा आत यायचं तिकीट वेगळं होतं आणि खेळांचे पैसे वेगळे. लवकरच खेळांची कुपनं निघाली, त्यांना अ, ब, क अशी अक्षरं, जितका मोठा खेळ तितकं पुढचं अक्षर. ही पद्धत 1982 पर्यंत चालली, मग सगळ्याचं एकच तिकीट झालं. जगातल्या अनेक उद्यानांत आज एकच तिकीट आहे, तुमच्याकडेही. पण कोपनहेगनचं टिव्होली, जे 1843 पासून चालू आहे, तिथे आजही दाराचं तिकीट वेगळं आणि खेळांचं वेगळं. लोक नुसते बाग बघायला, गाणं ऐकायला, संध्याकाळी बसायला येतात. जपानमधल्या फुजी-क्यू हायलँडने 2018 च्या जुलैत दाराचं तिकीटच काढून टाकलं. खेळा, तेवढे द्या. ही उद्यानं बुडाली नाहीत.

एकच तिकीट तुम्हाला सोयीचं आहे, हे मला समजतं. दर खेळाला पैसे मोजत बसलं की रांग लांबते, मूल आईकडे सारखं हात पसरतं, दिवसाची मजा जाते. म्हणून सगळी पद्धत बदला असं मी म्हणत नाही. एकच तिकीट राहू द्या. त्याच्याशेजारी एक सोबतीचं तिकीट ठेवा. खेळात बसायचं नाही, आत यायचं, बसायचं, खायचं, फिरायचं.

लबाडी होईल, हे पहिलं उत्तर मला ऐकू येतंय. सोबतीचं तिकीट घेऊन तरणीताठी माणसं आत येतील आणि एकमेकांचे पट्टे अदलाबदल करतील. तुम्ही मनगटावर कागदी पट्टा चिकटवता, तो काढला की फाटतो. त्याचा रंग वेगळा ठेवा. प्रत्येक खेळाच्या दारात माणूस उभा असतोच, त्याला रंग दिसतो. गरोदर बाईला आणि साठीच्या पुढच्यांना तरी आधी देऊन बघा, तिथे लबाडी करायला कोणी पोट बांधून येणार नाही.

दुसरं उत्तर पैशाचं. खेळ कोट्यवधींचे, वीज, देखभाल, माणसं. खरं आहे. पण बाकावर बसणारा माणूस त्या खेळाचा एक बोल्टही झिजवत नाही. आणि बसणाऱ्याला भूक जास्त लागते, हे मी बाकावर पाहिलं. सासूबाईंनी दिवसभरात तीन चहा, एक मक्याचं कणीस आणि नातीच्या नावाने एक आइस्क्रीम घेतलं. खेळणाऱ्यांनी रांगेत दिवस घालवला, त्यांना खायला वेळच नव्हता. तुमच्याच दुकानांचा हिशोब काढून बघा, बाकांजवळची दुकानं कोणाच्या जिवावर चालतात.

महाराष्ट्रात हा प्रयोग कोणी करावा असं विचाराल तर मला वाटतं तो शिर्डीपासून व्हावा. एस्सेलवर्ल्ड 1989 साली मुंबईकरांसाठी सुरू झालं. आम्ही खानदेशातल्या मुलांनी ते फक्त दूरदर्शनच्या जाहिरातीत पाहिलं, आणि घरी जायचं नाही म्हणणाऱ्या त्या मुलाचा हेवा केला. 2022 साली ते बंदही पडलं, आमची मुलं तिथे पोचलीच नाहीत. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं ते मुंबई–पुण्याच्या रस्त्यावर, गाडीवाल्या चौकोनी कुटुंबांच्या वाटेवर. पण आता ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे, आणि त्याच समूहाची शिर्डीतही उद्यानं आहेत. शिर्डीला कोण येतं हे संगमनेरच्या माणसाला सांगायला नको. दर्शनाला आजी-आजोबा असतात, आणि दर्शन झालं की नातवंडं पाण्याच्या खेळाकडे ओढतात. तिथे दारावर रोज कुठली ना कुठली सासूबाई मागे वळत असणार. सुरुवात करायला याहून चांगली जागा कोणती?

आणखी दोन बारीक गोष्टी. बाक सावलीत ठेवा, आणि पाठ टेकायला असलेले. कठड्यावर बसून सुरतेच्या काकांची कंबर संध्याकाळी आणखी धरली. आणि बाकांजवळ घोषणा मराठीतही ऐकू येऊ द्या. ‘लाल टोपीतला मुलगा सापडला आहे’ हे दोनदा हिंदीत, एकदा इंग्रजीत सांगितलं गेलं. नांदेडच्या आजी तेवढ्या वेळात आपला नातू शोधायला उठल्याही होत्या. धाकटा त्यांच्या कडेवरच होता, काळजी थोरल्याची.

येत्या दिवाळीत आम्ही रेल्वेने येणार आहोत. नणंदेचं बाळ आता चालतं, तुमच्या पट्टीखाली आरामात मावतं, ते फुकट येईल. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, आणि सुटीच्या दिवसांत ते उघडल्याच्या सकाळीच संपतं. त्याआधी तुमचा सोबतीचा दर कळला तर मी मोठ्यांची चार तिकिटं काढीन. नाही कळला तर सासूबाई आणि नणंद घरी राहतील, नणंद राहिली की तिची मुलगीही, आणि गिरणी बंद ठेवून आम्ही चौघंच येऊ, असं सध्या ठरलं आहे. थोरल्याची उंची तेवढ्यात दोन बोटं वाढली आहे, त्यामुळे रद्द मात्र होणार नाही.

आपली,
एक गिरणीवाली, दोंडाईचा